डॉक्टरीणबाईंना मी तुझं नाव सांगितलं

प्रिय मुंगे,

पत्र बघून दचकू नकोस, मी धडधाकट आहे. निदान शिलाई मशीनसमोर बसले की तसं वाटतं. जिना चढताना मात्र मध्येच थांबावं लागतं. तिथे खालची शेजारीण भेटली, तर आम्ही दोघी गप्पा मारायला थांबलोय असं दाखवतो. तिचीही तीच गत आहे. दादा दुकान छान चालवतो. नवीन कपडे कुणी फारसं शिवून घेत नाही, पँटी आखूड करायलाच गिऱ्हाईक येतं. मध्यंतरी त्याने बाबांचं कापायचं टेबल मला न विचारता खिडकीपाशी हलवलं आणि मी फुरंगटून बसले. तिथे उजेड चांगला येतो, हे मी अजून त्याच्याजवळ कबूल केलेलं नाही.

वाटण्यांचं मी ठरवून टाकलंय. दुकान आणि मशिनी दादाला, त्याचं पोट त्यावर आहे. घराचं तुम्हा दोघांत निम्मंनिम्म. बाबांची मोठी कात्री तुला. लहानपणी तू तिने पुठ्ठा कापलास म्हणून त्यांनी तुझ्याशी अबोला धरला होता, आठवतं? त्या माणसाला धड रागावताही येत नसे. संध्याकाळी तेच तुला त्या पुठ्ठ्याचं घर करून देत बसले होते.

माझ्या हृदयाच्या डॉक्टरीणबाई तुझ्याच वयाच्या आहेत. हृदय दमलंय आणि आणखी दमत जाणार, हे त्यांनी आडपडदा न ठेवता सांगितलं. मग विचारलं, उद्या तुम्हाला बोलता आलं नाही, तर काय करायचं आणि काय नाही हे तुमच्या वतीने कोण सांगेल? दादा बाहेर बाकावर माझी औषधांची पिशवी मांडीवर घेऊन बसला होता. मी तुझं नाव सांगितलं. तुला विचारलंसुद्धा नाही.

का सांगितलं, तेही लिहिते. बाबा शेवटी नळ्या ओढून काढायचे, म्हणून त्यांचे हात पलंगाला बांधले होते. मला यंत्रावर जगवू नका, हे त्यांनी आम्हाला घरी कितीदा तरी सांगून ठेवलं होतं. पण डॉक्टर विचारायचे आणि दादा म्हणायचा, करा, सगळं करा. मी मान डोलवायची. नाही म्हटलं तर आपणच त्यांना मारलं असं होईल, या भीतीने माझं तोंडच उघडत नव्हतं. तू प्रवासातून आलीस, बॅग खाली ठेवलीस आणि सरळ त्यांच्या मनगटाची गाठ सोडायला लागलीस. “बाबांना हे नको होतं, आई. बास करा आता.” सगळ्यांदेखत मी तुझ्या हातावर चापट मारली. “दगडाच्या काळजाची आहेस तू,” असं मीच म्हणाले. त्यानंतरही ते बरेच दिवस तसेच पडून होते. नुसता हात फिरवून कापड ओळखणारा माणूस, त्याला चादर चाचपायचीही मुभा नव्हती. तू बरोबर होतीस, मुंगे. हे मला तेव्हाच कळलं होतं आणि मी गप्प राहिले. ते गेल्यापासून तू घरी पाहुण्यासारखी येतेस, आल्या दिवशीच परतीचं बघतेस, ते का, हे मला पक्कं ठाऊक आहे.

आणि आता जिला दगड म्हटलं तिच्याच गळ्यात हे घातलंय. दादाला हे झेपणार नाही. तो माझा हात धरून रडेल आणि पुन्हा म्हणेल, सगळं करा. दुकान त्याला आणि हे तुला, ही कसली वाटणी, असं तू विचारशीलच. मला लाज वाटते. नको असेल तर नाही म्हण, मी रागावणार नाही, दुसरं काही बघेन. हो म्हणणार असशील तर येत्या रविवारी ये. तुझं नाव मी घेतलंय, हे दादाला मीच सांगणार आहे, तुझ्यासमोर. त्या दिवशी तुला जे बोलले तेही त्याच्यादेखत मागे घेणार आहे. म्हणजे पुढे कधी तू बास म्हणालीस, तर या घरात कुणी तुला दगड म्हणायला धजणार नाही. दुखू नये, धाप लागू नये, एवढं औषध देऊ देत. बाकी काही नको. आणि माझे हात बांधलेले दिसले, तर कुणाला विचारत बसू नकोस. सोड.

तुझीच,
आई