वणी रस्त्यावरचं घर

इंदिरानगर, नाशिक
१२ जून १९९७

चि. साधनास,

निवृत्तीदादाचा भरभरून आशीर्वाद. वि. वि., इकडे सर्व ठीक.

एक बातमी आहे. वणी रस्त्याला, दिंडोरीच्या अलीकडे आपण प्लॉट घेतला. इथे दोन खोल्यांत समर्थ मोठा होतोय आणि घरमालक भिंतीला खिळासुद्धा ठोकू देत नाही. अंबडच्या कंपनीत इथून सायकलने जातो. तिथून मोटारसायकल लागेल. पण दिवाळीपर्यंत सिटी बस येणारच, असं बिल्डर म्हणाला. तू पुण्याच्या ऑफिसात आमच्या जिल्ह्याचा नकाशा रंगवतेस म्हणे. आमच्या प्लॉटला चांगला रंग दे, वास्तुशांतीला दोन लाडू जास्त मिळतील. लोभ आहेच, तो पत्रातूनही दिसू दे.

तुझा दादा,
निवृत्ती


पुणे
२३ जून १९९७

ती. दादास,

शि. सा. न. वि. वि.

पत्र वाचून आनंद झाला असं लिहायला बसले आणि लिहवेना. आमच्या नकाशात तुझा प्लॉट हिरवा आहे, म्हणजे शेतीचा. तिथे वस्तीच धरलेली नाही, मग बस कुठून धरणार? सध्या माझं कामच हे आहे: माणसं राहतात कुठे, कामाला जातात कुठे आणि त्यात इंधन किती जळतं. स्वस्त जमीन बघून घरं पांगली की बसला फेरी परवडत नाही, मग जो तो आपापलं पेट्रोल जाळतो. तुला तर सगळं शहर ओलांडून जायचं आणि तसंच परत यायचं. पेट्रोलचं एक वेळ सोड, तुझ्या झोपेचं काय? अंबडजवळ लहानशी का होईना, जागा मिळेल. थोडा थांब.

रागावू नकोस. वहिनींना नमस्कार, समर्थला पापा. धाकटीवरची माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी,
साधना


वणी रस्ता
९ जानेवारी १९९८

चि. साधनास,

अनेक आशीर्वाद. तुझं न ऐकता राहायला आलो म्हणून तू अबोला धरलास, तो आता पुरे कर.

बस आली नाही. डेपोत विचारायला गेलो, तर साहेब म्हणाले की आधी प्रवासी दाखवा. कुठून दाखवू? वाट बघून सगळ्यांनी मोटारसायकली घेतल्या. शेजारचा धोंडीराम आणि मी एकाच गाडीवर जाणार होतो, पण त्याची पाळी वेगळी पडते. रात्रपाळी करून परतताना म्हसरूळ मागे पडलं की डोळे मिटायला लागतात. मग मोठ्याने अभंग म्हणतो. द्राक्षबागेतल्या बाया हसतात. दिवसपाळीसाठी अर्ज केला आहे. आईला यातलं काही कळवू नकोस.

अंगण मात्र छान आहे. समर्थ दिवसभर मातीत असतो, तुझ्या स्नेहलवहिनीने वाल लावलेत. एकदा येऊन बघ आणि मग खुशाल भांड.

तुझा दादा,
निवृत्ती


इंदिरानगर, नाशिक
१४ एप्रिल १९९८

प्रिय साधनाताईंस,

स्नेहलचा नमस्कार.

तेराव्यानंतर तुम्ही निघालात, तेव्हा मी बोलण्याच्या अवस्थेत नव्हते. पोलिसांनी नंतर सांगितलं ते लिहिते. रात्रपाळीहून येताना, सकाळच्या चांगल्या उजेडात, हे कडेला उभ्या असलेल्या ट्रकवर गेले. रस्त्यावर ब्रेकची खूणच नव्हती. झोपेतच गेले असतील, त्यांना काही कळलं नसेल, असं हवालदार म्हणाले. सासूबाई मला तेवढंच पुन्हा पुन्हा सांगायला लावतात.

कंपनीने मला पॅकिंगला घेतलं. त्या रस्त्याने रोज जाणं माझ्याच्याने होणार नाही, म्हणून इथे खोली घेतली. कामाला चालत जाते.

तिकडचं घर भाड्याने द्यावं लागलं. एक नवं जोडपं बघायला आलं होतं. तो मुलगाही अंबडलाच, पाळ्यांच्याच कामावर. मी त्याला काही लपवलं नाही. बसच्या भरवशावर येऊ नका म्हटलं, यांचं काय झालं तेही सांगितलं, ट्रक कुठे उभा होता तेसुद्धा. त्याने सगळं नीट ऐकून घेतलं आणि मग नळाला पाणी किती वाजता येतं ते विचारलं.

मी किल्ली दिली.

समर्थ तुमची वाट बघतो. आम्हाला परकं करू नका.

आपली,
स्नेहल