तीन नावं वगळून

प्रिय छकुले,

आईचा गुडघा आता बरा आहे, जिना एकटी उतरते. रोज विचारते, "धाकटीचा संप मिटला का गं?" मी "मिटेल" म्हणते आणि काहीतरी निमित्त काढून स्वयंपाकघरात जाते.

मिटला गं. काल दुपारी.

संघटनेची सेक्रेटरी मी, पण संप ठरला त्या सभेत मी नुसती टिपणं काढत होते. उभी राहिलीस तू. "अठरा पेशंटमागे एक नर्स! एकाला सलाईन लावेपर्यंत दुसऱ्याचा श्वास अडकतो. मग दोघांच्या घरच्यांसमोर मान खाली घालायची आपणच?" सगळ्या तुझ्यामागे निघाल्या. माझ्या हातावर बँडेज बांधायला शिकलेली पोर ही, म्हणून माझा ऊर भरून आला होता.

लवाद म्हणून आलेले निवृत्त न्यायाधीश सज्जन होते, प्रत्येकाला आधी पाणी विचारायचे. पण हॉस्पिटलच्या वकिलानं हजेरीपट पुढे केला: संपाच्या पहिल्या दिवशी पुरुषांच्या वॉर्डात वीस मिनिटं कुणीच नव्हतं, आणि शेवटची सही तुझी. खरं तर बदलीची नर्स येईना, तू रात्रीची ड्युटी संपूनही तासभर थांबलीस, शेवटी मेट्रननंच "मी बघते, जा तू" म्हटलं. मी जिन्यात उभी होते, माझ्या कानांनी ऐकलं. मेट्रन म्हणाल्या, "आठवत नाही." मी सांगितलं, तर वकील हसला, "बहीण दुसरं काय सांगणार?"

काल शेवटची बैठक झाली. हॉस्पिटल म्हणालं, आठ पेशंटमागे एक नर्स देतो, सगळ्यांना कामावर घेतो, तीन नावं वगळून. नाहीतर कोर्टात भेटू. कोर्टात किती वर्षं जातील, ते लवादांनाही सांगता येईना. बाहेरच्या खोलीत आपल्या बायका चाळीस दिवस उन्हात बसून काळवंडलेल्या. वॉर्डातली आया बोलून गेली, "तिघींसाठी सगळ्यांनीच घरी बसायचं का?" मग मला पाहून तिनं तोंडावर हात ठेवला. एकेक करून हात वर झाले.

आज कामावर गेले. आठच पेशंट. एक आजोबा म्हणाले, "सिस्टर, आज तुम्हाला बसून बोलायला वेळ आहे!" मी उठून चादरींच्या कपाटामागे जाऊन रडले.

दोन दिवसांत तुला हॉस्पिटलचं रजिस्टर्ड पत्र येईल. करारात वगळलेलं दुसरं नाव तुझं आहे, आणि खाली संघटनेतर्फे सही माझी आहे. माझा हात धरून कुणी सही करून घेतली नव्हती. राजीनामा देऊन बाजूला होता आलं असतं, दुसरीनं सही केली असती. तेही मी केलं नाही. त्या छापील कागदाआधी हे तुला माझ्या अक्षरात कळावं, म्हणून लिहिलं. माफ कर असं लिहीत नाही. तुझं सगळं काढून घेतल्यावर माफ करायचं हे आणखी एक काम तुझ्याच गळ्यात कशाला घालू?

तुझीच म्हणवून घ्यायला न धजावणारी,
ताई