पाण्यात पळणारं दुखणं

बाबा, काल सीवूड्सच्या मॉलमध्ये डायव्हिंगवरचा एक पिक्चर पाहिला आणि अख्खा पिक्चर मी कुरकुरत बसलो. तुम्ही असता तर माझ्यापेक्षा जास्त कुरकुरला असता. बुडालेलं जहाज शोधायला हिरो खाली उतरतो, आणि पाणी कसं, तर निळंशार. या टोकापासून त्या टोकापर्यंत सगळं दिसतंय. मनात आलं, याला एकदा आपल्या खाडीत उतरवा, स्वतःचा हातसुद्धा दिसणार नाही. तुम्ही मला ओसरीवर बसवून डोळ्यांना आईचा पदर बांधायचात आणि चिखलाच्या बादलीतले नटबोल्ट हाताने ओळखायला लावायचात. तेव्हा मला तो खेळ वाटायचा. पुढे जेट्टीच्या खांबांची तपासणी करायला लागलो तेव्हा कळलं की आपल्याकडे डायव्हरचे डोळे बोटांतच असतात.

मग शेवटाकडे हिरोची हवा संपते आणि तो तोंड गच्च मिटून सुसाट वर येतो. थिएटरमध्ये टाळ्या पडल्या. मला मात्र तुमची बोट आठवली. मी सतरा वर्षांचा आहे, कंप्रेसरची नळी तोंडात धरून पहिल्यांदा खोल उतरलोय आणि घाबरून तसाच वर आलोय. लागलं का, दुखलं का, काही विचारलं नाहीत तुम्ही. चार माणसांसमोर ओरडलात, "मासा हायस का तू? दम धरून वर आलास तं छाती फुटंल. हलदीचा गाना म्हनत ये. दोनदा पुरा झाल्याबिगर डोका पान्याभायेर काराचा नाय." तेव्हापासून आजतागायत मी वर येताना घशातल्या घशात हळदीचं गाणं म्हणतो. माझ्याकडे डायव्हिंग शिकायला पाठवलेली नवी मुलं हसतात. हसू देत.

पिक्चरमधला हिरो तर वर आल्या आल्या बोटीवर मारामारी करतो. मी बोललो, "याला आता उभंसुद्धा राहता येणार नाही." लेक म्हणाली, "पप्पा, पिक्चर आहे तो. एवढं टेन्शन नका घेऊ." पण करंजाड्याला घरी येईपर्यंत गाडीत तिनेच खोदून खोदून विचारलं. मग सांगितलं तिला. खोल पाण्यात दाबाखाली घेतलेली हवा रक्तात मुरते. सावकाश वर आलं तर ती निघून जाते. घाई केली तर सोड्याची बाटली फोडल्यासारखे बुडबुडे होतात आणि सांध्यांत अडकतात. खांदे, गुडघे, कंबर. ती म्हणाली, "मग आजोबांचे सांधे त्यानेच दुखायचे का?"

मी म्हणालो, "नाही गं. त्यांना वात होता."

आपल्या घरात सगळे वातच म्हणायचे. तुम्ही बोटींचे समुद्रात हरवलेले नांगर काढून, दिवसभर सात-आठ बुड्या मारून यायचात आणि संध्याकाळी खांदा वर होत नसे. आई तव्यावर जाडं मीठ भाजायची, फडक्यात बांधून शेकायची. चुलीपाशी तो करपट खारट वास, आणि तुम्ही भिंतीला पाठ टेकून डोळे मिटलेले. तेव्हा घर किती भरलेलं वाटायचं. आई म्हणायची, उद्या जाऊ नका. तुमचं उत्तर ठरलेलं, "पान्यात गेलो का दुखना पलतं." आणि खरंच पळायचं. सकाळी खाली उतरलात की खांदा मोकळा. म्हणून दुखलं की तुम्ही मुद्दाम बुडी मारायला जायचात.

पुढे तुम्ही मला डायव्हिंगच्या कोर्सला पाठवलंत, तिथे दुसऱ्याच आठवड्यात आमच्या सरांनी फळ्यावर माणसाची आकृती काढली आणि खांद्यावर, गुडघ्यावर खुणा केल्या. म्हणाले, बुडबुड्यांच्या दुखण्याची खूण लक्षात ठेवा. परत खोल गेलं की दुखणं थांबतं, माणसाला वाटतं बरं झालं, आणि आतून हाडं मरत जातात. मी वहीत लिहून घेतलं. गाण्याच्या दोन फेऱ्यांनी छाती वाचत होती तुमची, पण एवढे तास खाली काढल्यावर सांध्यांना त्या पुरणाऱ्या नव्हत्या.

रविवारी घरी आलो तेव्हा आई शेकतच होती. सांगायचं ठरवूनच आलो होतो. पण कोर्सला पाठवताना तुम्ही बजावलं होतंत, "पान्यानं कवा तुला काय केला, का त्याच दिवशी घरी." हे कळलं तर मला आधी घरी बसवाल, एवढंच माझ्या डोक्यात आलं. मला पाणी सोडायचं नव्हतं. मी बोललो, "जपून जा." पुढची दोन वर्षं तुम्ही तसेच उतरत राहिलात. मग कंबर गेली, हातात काठी आली, जेवायला खाली बसता येईना.

सांगितलं असतं तरी तुम्ही ऐकलं नसतं, अशी स्वतःची समजूत मी बरीच वर्षं घातली. आता ती पुरत नाही. लेकीला आज-उद्या खरं सांगेन. आधी तुम्हाला लिहितोय, कारण तुम्ही उलट प्रश्न विचारणार नाही, आणि हे कुठे धाडायचंही नाही.

शेवटच्या वर्षी तुम्ही एकदाच विचारलंत. दारात खुर्ची टाकून बसला होतात. "तू शिकलायस. सांग, पान्यानंच झाला ना ह्या?" मी म्हणालो, "नाही बाबा, वय झालं." तुम्ही मान हलवलीत. "बरा हाय मंग. पान्यानं आपला कवा वाईट नाय केला." तुम्हाला बरं वाटावं म्हणून खोटं बोललो, असं मी आईलाही सांगितलं होतं. ते खरं नाही. हो म्हटलं असतं, तर तुम्ही पुढे विचारलं असतंत की तुला ह्या कवापासून माहीत हाय.