निखिलचं पहिलं घर

मंगळवार, ११ नोव्हेंबर, एश्बॉर्न, जर्मनी

रविवारचं आज या वहीत लिहितो आहे, माफी असावी. रागाने लिहवतच नव्हतं.

निखिल आणि सूनबाई इथे नवीन घर घेत आहेत. पहिलंच घर घेणाऱ्याला इथलं सरकार खरेदीवरच्या कराचा काही भाग परत देतं. निखिल म्हणतो, मला मिळणार नाही. का? तर पुण्याच्या आमच्या फ्लॅटवर माझ्या नावाखाली त्याचं नाव आहे.

अरे, ते नाव घातलं तेव्हा हा कॉलेजात होता! उद्या मला काही झालं तर पोराला हेलपाटे नकोत, म्हणून घातलं. आपल्याकडे सगळेच घालतात. तिथे राहतो मी, गळके नळ बदलतो मी, सोसायटीची भांडणं ऐकतो मी. मग घर याचं कसं? नुसतं नाव असलं की माणूस घरमालक होतो का?

"मग काढून टाकतो तुझं नाव," मी म्हटलं.

"बाबा, आधी कधी घर होतं का, असं अर्जात विचारतात. खोटं लिहू?"

खोटं लिही असं मी कुठे म्हटलं? सातवी शिकलो असलो तरी एवढं कळतं मला. पण ते नाव...

तेवढ्यात सूनबाई हसत म्हणाली, "अहो बाबा, माझं नाव माहेरच्या घरावर नाही आणि सासरच्याही नाही. मला मिळेल की!"

ती हसली, पण मला हसू आलं नाही.

काल तिने कराचे पैसे परत देणाऱ्या कचेरीत विचारलं आहे. कचेरीतले साहेब, पोराचं राहू द्या. तिला तरी हो म्हणा, आणि लवकर कळवा.