कॉन्स्पिक्युअस व्हायची सोपी रीत

इंदिरानगर, बेंगळूर
मे १९९६

ती. खंडोजीमामांना अभिराजचा वाकून नमस्कार (पाठ धरलीय, म्हणून अर्धाच). गुडघा काय म्हणतो? मामींना आणि म्हशीला विचारलंय म्हणून सांगा.

मामा, इंग्लिशमध्ये कॉन्स्पिक्युअस म्हणून एक शब्द आहे. म्हणजे चारचौघांत उठून दिसणारा. (ह्याच्या स्पेलिंगपायी कॉन्व्हेंटात छड्या खाल्ल्यात, त्यामुळं अर्थ पक्का.) दरवर्षी आपल्या मंडळाच्या शिवजयंतीला मी खुर्च्या वाहिल्या, माईक धरला, पाहुण्यांच्या चपला राखल्या, कुत्र्यानंसुद्धा बघितलं नाही. यंदा तापानं घरी पडलो, तर सेक्रेटरी नरसिंहरावांनी अहवालात चक्क इंग्लिशमध्ये छापलं, की अभिराज त्याच्या गैरहजेरीमुळं कॉन्स्पिक्युअस होता! अध्यक्षांच्या खालोखाल माझंच नाव! आईनं अहवाल देवापुढं ठेवला. तेव्हा रीत कळली. गेलं तर कोण बघत नाही. न गेलं तर सगळे बघतात.

म्हणून परवा ह्याच नरसिंहरावांच्या दिव्यश्रीला बघायचं ठरलं, तेव्हा मी गेलोच नाही. (मामा, कोजागरीला तिला मसाला दूध वाटताना बघितल्यापासून मला दुसरी कोण दिसतच नाही, म्हणून एवढी काळजी घेतली.) आईअण्णांना आत पाठवलं, मी समोरच्या बेकरीत बसलो. काय सांगू! तासभर आत फक्त माझाच विषय. "मुलगा कुठंय हो, मुलगा?" असं नरसिंहराव ओरडलेले रस्त्यापर्यंत ऐकू येत होतं. दिव्यश्रीकडं कोण बघेना, तेव्हा कंटाळून तीच बन घ्यायला बेकरीत आली.

"तुम्हीच का ते न आलेले?"

"हो. कसा वाटलो?"

"आजवरच्यांत तुम्हीच बरे. बाकीचे सगळे आले होते."

सरी, जमलं! तिची पसंती झाली. पण नरसिंहराव अडून बसलेत. रविवारी मुलगा समोर दिसला तरच पुढचं बोलणं, नाहीतर धारवाडचा इंजिनियर. तेव्हा मामा, काही करून या, आईअण्णांबरोबर तिथं बसा, आणि "येतोय, वाटेत आहे" म्हणत राहा.

इथं असो-नसो, तुमचाच भाचा,
अभिराज

ता. क. मी जाणार नाहीय.

आणखी ता. क. दिव्यश्रीही नसेल. तिला रीत भलतीच पटलीय. दोघं एकदम गायब झालो की कुणाचं कुणाशी ठरलंय ते तिच्या अप्पांना न सांगता कळेल, असं ती म्हणते. त्या वेळी आम्ही लालबागेत असू. तिथं मात्र आम्हाला स्वल्पसुद्धा कॉन्स्पिक्युअस व्हायचं नाही. म्हणून अंधार पडेपर्यंत कुणाला घराबाहेर पडू देऊ नका. केसरीबात (इथला गोड शिरा) परत परत मागा.