रिकाम्या काट्यावरचं वजन

सोमवार, ४

आलो एकदाचे! क्वार्टर दोन खोल्यांचं, गोदामाला लागूनच, पण भिंतीला ओल नाही आणि नळाला पाणी आहे. दार उघडल्या उघडल्या बायकोने जाहीर केलं की स्वयंपाकघरात तारा-बिरा आणायच्या नाहीत. मी म्हटलं, हुकूम, बाईसाहेब.

काम हातातलं आहे. गोदामाच्या जमिनीत सहा लोखंडी काटे बसवलेत, त्यांवर पोती तोलायची. प्रत्येकाखालचा सेन्सर नुसता कच्चा आकडा पाठवतो, आठ हजार, नऊ हजार, असं काहीतरी. त्याचे किलो करायचे ते मी. शाळा आठवीत सुटली, पुढचं लोकांचे रेडिओ उघडता उघडता शिकलो. मुकादमाचा आवाज असा की सगळे त्याला भोंगा म्हणतात, आणि तोही खुशाल ओ देतो. माझे कान तिखट, तेव्हा आमचं जमणं कठीणच!

बुधवार, ६

काट्याला दोनच गोष्टी शिकवायच्या. रिकामा असताना येतो तो आकडा म्हणजे शून्य, आणि माहीत असलेलं वजन ठेवल्यावर येतो तो म्हणजे इतके किलो. मधलं गणित तो जुळवतो. पाच काटे झाले, तेवढ्यात प्रमाण वजनं आणणारा गाडीवाला ती घेऊन निघून गेला. भोंगा म्हणाला, मग तुम्हीच उभे राहा की साहेब, खाऊनपिऊन चांगले प्रमाण झालाय. माणसं खो खो हसली, मीही हसलो. पाचव्या काट्यावर स्वतःला तोललं: चौऱ्याहत्तर. मग मी म्हणजे चौऱ्याहत्तर किलो असं धरून सहाव्यावर उभा राहिलो. झालं काम.

गुरुवार, ७

सकाळी सहावा काटा रिकामा, आणि पडद्यावर चौऱ्याहत्तर किलो. खाली खडा अडकला असेल म्हणून पत्रा उचलला. स्वच्छ. कच्चा आकडा पाहिला तर काल मी उभा असतानाचा, एका अंकाचाही फरक नाही. सेन्सरचे आकडे सरकतात, पण इतके नेमके सरकत नाहीत. माल खोळंबलेला, भोंगा डोक्यावर ओरडतोय. शेवटी मी त्या आकड्यालाच शून्य ठरवून टाकलं. मग पोत्यांची वजनं चोख यायला लागली.

शुक्रवार, ८

बायको दोनदा दचकली. म्हणाली, मांजरासारखे काय येता, खाकरावं तरी माणसाने.

गंमत म्हणून पाचव्या काट्यावर चढलो. शून्य. भोंगा चढला, ब्याण्णव. मी परत चढलो. शून्य. भोंगा म्हणाला, साहेब हवेवर जगतात वाटतं. मी हसलो. सगळ्यांच्या आधी हसलो.

रविवार, १०

किलो खोटे असू शकतात, ते माझ्या हिशेबाचे असतात. कच्चा आकडा खोटं बोलत नाही. आणि माझ्याखाली तो हलतच नाही.

चौऱ्याहत्तर किलो म्हणजे काहीच नाही, हे मीच लिहून दिलं. मला वाटलं, ते फक्त त्या काट्यापुरतं आहे.

गादी माझ्या बाजूला दबत नाही. सकाळी बायकोने माझी उशी उचलून कपाटात ठेवली. मग मला पाहून ओशाळली. म्हणाली, कसं कोण जाणे, तुम्ही घरात आहात हेच विसरले.

सोमवार, ११

माझी दुरुस्ती काढून टाकायची. जुनं शून्य परत लावायचं. मग सहाव्यावर जे उभं आहे ते चौऱ्याहत्तर म्हणून दिसेल, आणि माझं मला —

काढली.

पडद्यावर शून्य. कच्चा आकडाही रिकाम्याचाच. पाचव्यावर चढलो. तिथेही शून्य.

म्हणजे सहाव्यावरचं ते उतरलंय.

सोमवार, दुपारी

भोंगा म्हणाला, साहेब, आत्ताच तर जेवायला घरी गेलात, पावलांनी दारातल्या फळ्या दणाणल्या. बोलताना माझ्याकडे पाहत नव्हता. आवाज कुठून येतोय ते शोधत होता.

क्वार्टरच्या दाराशी

आत खुर्ची करकरली. कोणीतरी जड माणूस बसला. बायको हसतेय. कित्येक दिवसांनी. म्हणतेय, हात धुऊन या आधी —

दार ढकललं. कडी लावलेली नाही, फटीतून दिसतंय. तरी हलत नाही. हाक मारली. ती म्हणाली, वारा सुटलाय वाटतं. आतून माझ्याच आवाजात कोणीतरी हो म्हटलं —

तिला सांगायला हवं. दाराखालून हा कागद —

अक्षर फिकं पडतंय. शाई आहे. मी दाबतोय, सगळा जोर लावून दाबतोय, पण पेन कागदावर टेक