पिस्तूल गाडीत ठेवून

हार्मन, कॅन्सस
१६ सप्टेंबर २०१८

ती. लोईसताईस,

मार्वाचा सा. नमस्कार. अर्नोल्डभावोजींच्या खुब्याचं ऑपरेशन नीट पार पडल्याचं वाचून जीव भांड्यात पडला. त्यांना म्हणावं, नर्सवर खेकसू नका, जेवण तिच्याच हातून यायचंय.

इथे ज्वारी कापायला आली आहे. पुढच्या खोलीतलं माझं केस कापायचं दुकान चालू आहे. एकच खुर्ची, एकच आरसा. गिऱ्हाइकं तीच, म्हाताऱ्या बायका. त्या बोलतात, मी ऐकते. त्या गेल्या की रेडिओ लावते. फोन अजून घेतलेला नाही, त्यावरून परत रागावू नकोस. व्हर्नने प्रत्येक नंबर कुठून ना कुठून मिळवला. नवरा म्हणून कधी इतकी चौकशी केली नाही, ती घटस्फोटानंतर करतो आहे. कोर्टाचा मनाई हुकूम आहे, पण कागद तो कागदच.

पत्राचं कारण ट्रेव्हर. त्याचं विद्यापीठाच्या फुटबॉल संघातलं हे शेवटचं वर्ष. नोव्हेंबरात घरच्या मैदानावरच्या शेवटच्या सामन्याआधी शेवटच्या वर्षाच्या प्रत्येक खेळाडूचं नाव पुकारतात आणि तो आईबापांसोबत मैदानाच्या मधोमध चालत येतो. त्याने विचारलंय, येशील ना?

ताई, चार वर्षांत मी त्याचा एकही सामना मैदानावर जाऊन पाहिलेला नाही. टीव्हीवर पाहते. किक मारायच्या वेळी पायांमधून चेंडू मागे फेकायचं त्याचं काम, म्हणून टीव्हीवर त्याची पाठच दिसते, तीही क्षणभर. त्याला सांगत आले, शनिवारी दुकानात गर्दी असते. शनिवारी दुकानात माशीसुद्धा नसते.

खरं कारण तुला ठाऊक आहे. माझ्याकडे परवाना आहे आणि पिस्तुलाशिवाय मी घराबाहेर पडत नाही. आमच्याकडे विद्यापीठाच्या वर्गातसुद्धा झाकून नेलं तर चालतं. मैदानावर मात्र प्रत्येक फाटकावर धातू शोधणाऱ्या यंत्राच्या चौकटी आणि पहारेकरी बसवलेत, आणि असा बंदोबस्त केला की बंदी घालता येते. पोस्टात चालत नाही म्हणून तिकिटं टपालवाली बाई घरी आणून देते. आपल्या चर्चच्या दारावर आपल्याच लोकांनी शस्त्रबंदीची पाटी लावली, तेव्हापासून रविवारची प्रार्थनाही रेडिओवर. आणि तुझं घर. जाऊ दे, तो विषय मी काढत नाही.

काय करू ते लिही. तुझ्या रागापेक्षा तुझ्या न लिहिण्याची भीती जास्त वाटते.

तुझी,
मार्वा


माउंटन लेक, मिनेसोटा
२५ सप्टेंबर २०१८

चि. मार्वास,

लोईसचे पोटभर आशीर्वाद. भावोजी काठी घेऊन स्वयंपाकघरापर्यंत येतात आणि भांड्यांची झाकणं उघडून बघतात. म्हणजे बरे आहेत.

तू विषय काढत नाहीस म्हणतेस आणि काढतेसच, लहानपणापासूनची खोड. तर ऐक. त्या थँक्सगिव्हिंगला तुझ्या कोटाखाली ते दिसलं, तेव्हा भावोजींनी एवढंच म्हटलं होतं की गाडीत ठेवून ये. तू दारातूनच मागे फिरलीस आणि दिवसभराचा रस्ता परत तुडवलास. तुझं ताट मी संध्याकाळपर्यंत झाकून ठेवलं होतं. आपल्या बाबांनी लढाईच्या दिवसांत धर्माला स्मरून बंदूक हातात धरायला नकार दिला, सरकारने धाडलं त्या छावणीत झाडं लावत वर्षं काढली, लोकांच्या शिव्या खाल्ल्या. त्यांच्या लेकीच्या घरात मी ते येऊ देणार नाही. माझं मत तेव्हाही हेच होतं आणि आजही आहे.

पण ट्रेव्हरचं काय? मला विचारशील तर ह्यापेक्षा सुरक्षित जागा तुला शोधून सापडायची नाही. तुझं पिस्तूल आत जात नाही, तसं कुणाचंच जात नाही. व्हर्न आलाच तर त्यालाही त्याच चौकटीतून यावं लागेल. मग भीती कसली? जा, पोराच्या हातात हात घालून चाल. तो तुला विचारतोय, तुझ्या परवान्याला नाही.

मी सोबत आले असते, पण भावोजींना इतक्यात एकटं ठेवता येत नाही.

मायेत कमी नाही, बोलण्यात जरा जास्त आहे, एवढं समजून घे.

लोईस


हार्मन
७ ऑक्टोबर २०१८

ती. ताईस,

सा. नमस्कार. तुझं पत्र दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा राग कमी आला.

ताट झाकून ठेवलं होतंस हे मला माहीत नव्हतं.

तू म्हणतेस, व्हर्नलाही चौकटीतून यावं लागेल. ताई, व्हर्नने माझा जबडा मोडला तेव्हा त्याच्या हातात काही नव्हतं. नुसते हात होते. हाताला यंत्र वाजत नाही. त्या चौकटीतून तो जसाच्या तसा आत येईल, अडेन ती मी.

आणि त्या दिवशी मी कुठे असणार, किती वाजता, कोणत्या बाजूने मैदानात उतरणार, सगळं आधीच जाहीर. चार वर्षं मी एका वाटेने दोनदा गेले नाही. तूच सांग.

तरी शेजारच्या दुकानातून मैदानाच्या कचेरीत फोन लावला. बेव्हर्ली टूमी म्हणून बाई आहेत, फाटकांचा सगळा बंदोबस्त त्यांच्याकडे. आवाज सर्दी झाल्यासारखा. त्यांनी सरळ सांगितलं की सूट कुणालाच नाही, फाटकावर ठेवून घेत नाहीत, गाडीत कुलपात ठेवून यायचं. मग विचारलं, काही अडचण आहे का? मनाई हुकूम आहे एवढंच मी म्हटलं. त्या म्हणाल्या, त्याची प्रत आणि त्या माणसाचा फोटो धाडा, गाडीपासून तुमच्याबरोबर माणूस देते. मी बरं म्हणून फोन ठेवला, पण धाडलं काही नाही. अनोळखी लोकांनी टेबलाभोवती बसून माझ्या संसाराचे कागद वाचायचे, ह्याची लाज वाटली.

ट्रेव्हरला कळवलं, जमणार नाही. ह्या वेळी कारण दिलं नाही. खोटी कारणं संपली.

गव्हाची पेरणी झाली. वारा फार आहे.

आहे तशी मला सांभाळून घे.
मार्वा


१८ ऑक्टोबर २०१८

प्रिय लोईसमावशीस,

ट्रेव्हरचा नमस्कार. फोनवर बोलायला गेलो तर हवापाण्यावरच बोलून ठेवून देतो, म्हणून लिहितो. अक्षराला हसू नकोस.

आई येत नाही म्हणाली. कारण विचारलं नाही, मला माहीत आहे. शनिवारी दुकानात गर्दी नसते हेही माहीत आहे. ती बिचारी इतक्या मनापासून सांगते की मी खोटं पकडत नाही.

ज्यांचं कुणी येत नाही त्यांच्याबरोबर आमच्या प्रशिक्षकांची बायको चालते. चांगल्या आहेत. गेल्या वर्षी एकाबरोबर चालल्या, आणि पूर्ण वेळ तो मुलगा जमिनीकडे बघत होता.

आणखी एक. बाबांनी वसतिगृहाच्या पत्त्यावर चिठ्ठी धाडली. मी बाप आहे, माझाही हक्क आहे, तिकीट पाठव, असं. मी उत्तर दिलेलं नाही. पण तिकीट तर कुणीही विकत घेऊ शकतं. हे आईला सांगावं की नाही? सांगितलं तर ती दुकानाचं दारही उघडायची नाही. न सांगता ती आली आणि तो तिथे असला तर? तू सांगशील तसं करेन.

जूनमध्ये सिअ‍ॅटलला नोकरीवर जायचंय. मग तर ती अगदीच एकटी.

मावशीवरचा माझा हक्क अजून आहे ना?
ट्रेव्हर


माउंटन लेक
२४ ऑक्टोबर २०१८

चि. मार्वास आशीर्वाद. भावोजी आता काठीशिवाय चालतात, पण सावकाश.

सोबत ट्रेव्हरचं पत्र जोडलं आहे. त्याला विचारून जोडलं. तुझ्यापासून लपवून तुला मैदानात उतरवणं मला जमणार नाही. सगळं वाच आणि मग तूच ठरव. मी जा म्हणत नाही, जाऊ नको म्हणत नाही.

मागच्या पत्रात सुरक्षित जागा असं मी फार सहज लिहून गेले. तुझं ते हातांबद्दलचं वाक्य भावोजींना वाचून दाखवलं. ते म्हणाले, त्या टूमीबाईंना कागद धाडायला सांग. लाज ज्याची त्याने बाळगावी, तिने का?

उत्तर घाईने नको. पण दे.
लोईस


हार्मन
१९ नोव्हेंबर २०१८

ती. ताईस,

सा. नमस्कार. उत्तर उशिरा देते आहे, कारण आधी जाऊन आले.

कागद धाडले, सोबत गाडीचा नंबरही. व्हर्नचा फोटो शोधावा लागला, कारण मी सगळे कापून टाकले होते. शेवटी ट्रेव्हरच्या शाळेतल्या निरोप समारंभाचा सापडला, त्यात तो हसतो आहे.

परवा सकाळी मैदानाबाहेर गाडी लावली. पिस्तूल सीटखालच्या लोखंडी पेटीत ठेवलं, कुलूप लावलं, उतरले, आणि दहा पावलांवरून परत आत येऊन बसले. आजूबाजूला लोक गाड्यांच्या मागच्या फळ्या उघडून मांस भाजत होते, पोरं चेंडू फेकत होती, कुणाचं कुणाकडे लक्ष नव्हतं. इतक्या माणसांत मी किती वर्षांनी आले होते. काचेवर टकटक झाली. बाहेर टूमीबाई, ठेंगण्या, पांढरे केस, पायात भलेमोठे बूट. स्वतःच आल्या होत्या. मला धीर वगैरे दिला नाही. तुमची गाडी बरोबर ओळखली, म्हणाल्या, आणि चालताना पायाच्या कुरुपाबद्दल बोलत राहिल्या.

फाटकाच्या चौकटीत यंत्र वाजलं. कोटाच्या खिशात माझी केस कापायची कात्री राहिली होती. तिथल्या मुलाने ती समोरच्या डब्यात टाकून द्यायला सांगितली, नाहीतर गाडीत ठेवून या म्हणाला. मी मागे पाहिलं. गाडीपर्यंत गेले असते तर परत आले नसते, ताई. टूमीबाईंना ते कळलं असावं. माझा निर्णय होईस्तोवर बाजूला उभ्या राहिल्या. मी कात्री त्या डब्यात टाकली आणि चौकटीतून गेले. ह्या वेळी काही वाजलं नाही.

खालच्या बोगद्यात ट्रेव्हर भेटला. एवढा मोठा झालाय, शिरस्त्राण काखेत धरून उभा. आलीस, एवढंच म्हणाला. नाव पुकारलं आणि आम्ही उजेडात आलो. चहूबाजूंनी माणसं, वरपर्यंत. लोक टाळ्या वाजवत होते आणि मी प्रत्येक चेहरा तपासत होते. मध्यावर फोटो काढला. परत फिरलो, आणि बोगद्याच्या तोंडाशी, कठड्यालगतच्या रांगेत, व्हर्न.

टोपी हातात घेऊन उभा होता. माझ्याकडेच बघत होता. काही करत नव्हता, नुसता बघत होता, स्वयंपाकघराच्या दारात उभा राहून बघायचा तसा. माझा हात कमरेला गेला. तिथे काही नव्हतं. ट्रेव्हरने माझ्या नजरेच्या रोखाने पाहिलं आणि तो पुढे सरकला. त्याच्या पाठीआड मला ठेवू पाहत होता. मला ते नको होतं. पोराने बापावर हात टाकावा आणि आयुष्यभर ते वागवावं, हे मला नको होतं. मी त्याची बाही धरली. टूमीबाई बोगद्यात उभ्या होत्या. मी बोट दाखवून म्हटलं,

“तो बघा. तोच माझा नवरा होता.”

ताई, हे मी मोठ्याने म्हटलं. जबडा मोडला तेव्हा इस्पितळात मी पायऱ्यांवरून पडले असं सांगितलं होतं.

टूमीबाईंनी काही विचारलं नाही, तुम्हाला खात्री आहे का, असंही नाही. खांद्यावरच्या वायरलेसमध्ये दोन शब्द बोलल्या आणि स्वतःच पायऱ्या चढायला लागल्या. दोन्हीकडून पहारेकरी आले. व्हर्न आधी हसला, मग तिकीट दाखवू लागला, मग आजूबाजूचे लोक बघताहेत म्हटल्यावर गुपचूप त्यांच्याबरोबर गेला. बाहेर पोलीस होते. हुकूम मोडल्याबद्दल त्याला धरलं.

ट्रेव्हरने शिरस्त्राण डोक्यावर चढवलं. मी त्याची बाही सोडली. त्याला खेळायला जायचं होतं, गेला.

मग मी माझ्या जागेवर बसले. शेजारची खुर्ची रिकामी, तिच्यावर कोट ठेवला. पुढच्या रांगेतल्या बाईने विचारलं, तुमचा कोण? मी सांगितलं, किकच्या वेळी चेंडू मागे फेकतो तो. तिला तो कोण ते कळलं नाही. आमचा संघ हरला. ट्रेव्हरने चेंडू फेकला की उठून तो कोणाकडे बघतो, ते मला पहिल्यांदा दिसलं. कुणाकडेच नाही, सरळ धावत सुटतो.

गाडीत आल्यावर पेटी उघडली आणि पिस्तूल परत कमरेला लावलं. बरी झाले असं समजू नकोस. घरी आल्यावर सगळ्या खोल्यांत जाऊन पाहिलं, रोज पाहते तसं. मग रेडिओ लावला, बंद केला. ट्रेव्हर जूनमध्ये जाणार. तुला पत्र लिहायचं म्हणून कागद घेतला आणि तसाच दोन दिवस पडून राहिला.

अकरा डिसेंबरला व्हर्नची सुनावणी आहे. मला उभं राहून सांगायचं आहे. कोर्टाच्या दारावरही यंत्र आहे. तिथेही ते गाडीतच ठेवावं लागेल, आणि तिथे टूमीबाई नसतील. भावोजी आता काठीशिवाय चालतात असं लिहिलं होतंस. मी काही मागत नाही. नुसतं कळवते आहे.

तुझ्या दारापासून फिरले, तरी तुझीच,
मार्वा


माउंटन लेक
२६ नोव्हेंबर २०१८

चि. मार्वास,

अनेक आशीर्वाद, आणि एक धपाटा. मी काही मागत नाही म्हणे. मग कुणाकडे मागशील?

भावोजींना पत्र वाचून दाखवलं, त्या कठड्यापाशी आल्यावर कागद त्यांच्याच हातात दिला, पुढचं त्यांनी वाचलं. शेजारचे हार्डर त्यांच्या जेवणाखाण्याचं बघणार आहेत. मी येते आहे. सुनावणीच्या आधी चार दिवस आणि नंतर तू कंटाळशील तोपर्यंत. त्या दुकानात गिऱ्हाईक नसतं तेव्हा माझे केस काप, कुणी कापलेत कळत नाही इतके वाईट झालेत.

पिस्तुलाबद्दल माझं मत बदललेलं नाही. बदलणारही नाही. पण माझ्या घरात माझं चालतं, तुझ्या घरात तुझं. रात्री उशाशी ठेवत असशील तर मला दुसऱ्या खोलीत झोपव, एवढंच.

कोर्टात दोघी बरोबर आत जाऊ. पर्समध्ये कोबी-खिमा भरलेले पाव, आपले बीरॉक, असतील, तिथे दिवसभर बसवून ठेवतात असं ऐकते. ते काढून घ्यायला लागले तर मी दारातच वाद घालीन, तू मला ओळखत नाहीस असं दाखव.

तुझं बोलून होईपर्यंत मी तुझ्या मागच्या बाकावर असेन. खाली बसलीस की मागे बघ.

बस शुक्रवारी, सात तारखेला दुपारी हेजला पोचते. स्टँडवर न्यायला ये. कमरेला ते लावून आलीस तरी चालेल, पण ये.

येईपर्यंत लोभ कागदावर, नंतर समक्ष.

लोईस